मुलांचे डोळे आणि मोबाईल: तपासणीच्या खोलीत रोज विचारले जाणारे प्रश्न

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. म्हणजे डोळ्यांची डॉक्टर नाही, डॉक्टरांकडे जायच्या आधी ज्या अंधाऱ्या खोलीत बसवून "आता बरं दिसतंय की मगाशी बरं होतं" असं विचारतात ना, ती मी. सातारा जिल्ह्यात सतरा वर्षं हेच काम करतेय आणि आता निम्म्याहून जास्त प्रश्न मुलांचे आणि मोबाईलचेच असतात, तेच तेच, त्यामुळे म्हटलं एकदा नीट लिहून ठेवावं. प्रश्न जसे विचारतात तसेच ठेवलेत.

मोबाईलमुळेच लागला ना हो चष्मा? तुम्हीच सांगा त्याला, आमचं ऐकत नाही.

हा प्रश्न आई विचारते तेव्हा पोरगं समोर खुर्चीत बसलेलं असतं आणि माझ्याकडे असं बघत असतं की ताई, तुम्ही तरी नको. खरं सांगायचं तर "मोबाईलमुळेच" असं मी म्हणू शकत नाही आणि "मोबाईलचा काही संबंध नाही" असंही नाही. मोबाईलमधून काही विषारी किरण येतात आणि डोळा खराब होतो, असलं काही नसतं. पण मोबाईल दोन गोष्टी करतो, एक म्हणजे पोराला तासन् तास अगदी नाकाजवळ बघायला लावतो आणि दुसरं म्हणजे त्याला घराबाहेर पडू देत नाही, आणि चष्म्याचा नंबर या दोन्हींमुळे वाढतो. त्यात आईवडिलांपैकी एकाला मायनस नंबर असेल तर शक्यता वाढते, दोघांना असेल तर अजून वाढते.

२०२५ मध्ये ४५ अभ्यास एकत्र करून, साधारण ३ लाख ३५ हजार लोकांची माहिती घेऊन एक विश्लेषण आलं, त्यात रोजचा स्क्रीनचा एक तास वाढला की मायोपियाची, म्हणजे मायनस नंबर लागायची, शक्यता साधारण २१ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तासाभराच्या आत असेल तर फारसा फरक नव्हता. आता याचा अर्थ शंभरातल्या २१ पोरांना चष्मा लागतो असा काढू नका, तो आकडा तुलनेचा आहे. आणि माझंच घ्या, मला सातवीत चष्मा लागला, तेव्हा घरात मोबाईल सोडा, लँडलाईनही नव्हता. मी माळ्यावर लपून दिवाळी अंक वाचायचे. आमच्या आजीच्या मते चष्मा त्याच्यामुळेच लागला, आणि आता हे काम करताना वाटतं की म्हातारी फार चुकत नव्हती.

नंबर लागतो म्हणजे डोळ्यात नक्की होतं काय?

डोळा लांब होतो. खरंच, पुढून मागे लांब होतो. बाळ जन्मतं तेव्हा डोळ्याची लांबी १६-१७ मिलीमीटर असते, मोठ्या माणसाची २३-२४. म्हणजे तो वाढायलाच हवा, पण वाढता वाढता थांबायला पण हवा. ज्यांचा थांबत नाही त्यांच्यात लांबचं चित्र डोळ्याच्या आत मागे असलेल्या पडद्यावर पडायच्या ऐवजी पडद्याच्या अलीकडेच तयार होतं आणि फळा धूसर दिसतो, त्यालाच आपण मायनस नंबर म्हणतो. एक मिलीमीटर जास्तीचा वाढला की साधारण अडीच-तीन नंबर. एक मिलीमीटर म्हणजे किती हो, पट्टीवरचं सगळ्यात बारीक घर.

आणि एकदा लांब झालेला डोळा परत आखूड होत नाही. म्हणून "नंबर घालवता येईल का" यापेक्षा "वाढायचा वेग कमी करता येईल का" हा प्रश्न विचारा, त्याला उत्तर आहे.

टीव्ही बरा की मोबाईल?

टीव्ही. यात मला अजिबात शंका नाही. याचं गणित अगदी सोपं आहे, मी पालकांना पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवते. जवळचं बघताना डोळ्यातल्या भिंगाला जोर लावावा लागतो, आणि तो जोर किती ते काढायला एक मीटर भागिले अंतर करायचं. मोबाईल २० सेंटीमीटरवर धरला तर ५ नंबरचा जोर. पुस्तक ४० सेंटीमीटरवर असेल तर अडीच. टीव्ही ३ मीटरवर असेल तर जेमतेम ०.३३. तोच कार्टूनचा भाग, तेवढाच वेळ, पण डोळ्याचं काम पंधरा पट कमी.

मागच्या उन्हाळ्यात एक नऊ वर्षांचा मुलगा आला होता, वाट बघताना बाकावर आडवा पडून गेम खेळत होता, मी त्याच्या नकळत पट्टी घेऊन गेले आणि डोळा ते स्क्रीन मोजलं. १४ सेंटीमीटर. त्याच्या बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, घरी पांघरुणात तर याहून जवळ असतो.

त्यामुळे बघायचंच असेल तर टीव्हीवर लावून द्या, निदान लॅपटॉपवर. मोबाईलच असेल तर कोपर टेबलावर टेकवून मूठ गालाला लावायला सांगा, कोपरापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर तेवढं तरी हवंच. हे पोरांना लक्षात राहतं कारण पट्टी अंगालाच लावलेली असते.

मग पुस्तक वाचलं तरी चष्मा लागतो का? आम्ही तर वाच वाच म्हणून मागे लागतो.

जवळून, सलग, तास तास वाचलं तर डोळ्याला ते पुस्तक आहे की मोबाईल याने फार फरक पडत नाही. फरक इतकाच की पुस्तक पोरगं सहसा जरा लांब धरतं आणि मध्येच कंटाळून उठतं, पाणी प्यायला जातं, खिडकीतून बघतं. मोबाईल कंटाळू देत नाही. वाचू दे हो, वाचणं बंद करू नका, फक्त उजेडात, बसून, आणि अर्ध्या तासाने उठवा.

बाहेर उन्हात खेळल्याने खरंच चष्मा लागत नाही का? की हे असंच व्हॉट्सॲपवरचं?

हे व्हॉट्सॲपवरचं नाही. मला तर वाटतं या सगळ्या विषयात खात्रीने सांगावी अशी हीच एक गोष्ट आहे आणि नेमकी हीच कोणी मनावर घेत नाही, कारण याला पैसे पडत नाहीत.

सिडनी आणि सिंगापूरमधल्या ६-७ वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. वंश एकच, आईवडिलांचे चष्मे साधारण सारखेच. सिंगापूरच्या २९.१ टक्के मुलांना मायोपिया आणि सिडनीच्या फक्त ३.३ टक्के. बरं, सिडनीची मुलं पुस्तकं उलट जास्त वाचत होती. मोठा फरक कुठे होता, तर सिडनीची मुलं आठवड्याला पावणेचौदा तास बाहेर असायची आणि सिंगापूरची तीन तास. बास.

मग चीनमध्ये ग्वांगझू शहरात १२ शाळा घेतल्या, पहिलीची मुलं, त्यातल्या सहा शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर. तीन वर्षांनी जादा तास असलेल्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना मायोपिया झाला, बाकीच्यांत ३९.५. फक्त ४० मिनिटं! तैवानने तर २०१० पासून रोज १२० मिनिटं मुलांना बाहेर काढायचा कार्यक्रमच सुरू केला.

कारण काय, तर उजेड. बाहेरच्या झगझगीत उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन जास्त सुटतं आणि ते डोळ्याला लांब व्हायला अडवतं, असं संशोधक मानतात. आपल्याला घरातला उजेड पुरेसा वाटतो कारण डोळा जुळवून घेतो. मोबाईलमध्ये लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं ॲप मिळतं (हो, मोबाईलचा हाही एक उपयोग), मी आमच्या हॉलमध्ये ट्यूबखाली मोजलं तर दीडशेच्या आसपास आलं आणि चार पावलं टाकून गॅलरीत गेले तर साडेचार हजार. भर उन्हात तो आकडा लाखापर्यंत जातो. म्हणजे पोरांना तापत्या उन्हात उभं करा असं अजिबात नाही, आंब्याच्या सावलीत बसून गोट्या खेळली तरी काही हजार लक्स मिळतात. टोपी घालू दे. पावसाळ्यात ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. विदर्भात मे महिन्यात दुपारी कोणी बाहेर पडू नये हे काय मी सांगायला हवं, पण सकाळी सात ते नऊ आहे ना.

आणि आता एक बोलते, राग आला तरी चालेल. मला विचाराल तर आपल्याकडे मोबाईलपेक्षा संध्याकाळचा क्लास जास्त नडतो. पोरगं पाचला शाळेतून येतं, खाऊन साडेपाचला क्लासला जातं, साडेसातला सुटतं तेव्हा अंधार. रविवारी स्कॉलरशिपचा क्लास. म्हणजे आठवडाभर त्याच्या डोळ्यात ऊन पडतं ते फक्त रिक्षात चढता-उतरताना. मग राहिलेल्या तासाभरात ते मोबाईल घेतं आणि शिव्या मोबाईलला.

दिवसाला किती वेळ दिला तर चालतो? एक आकडा सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्यांसाठी सांगितलंय: वर्षाच्या आतल्या बाळाला शून्य, एक वर्षाच्या मुलालाही नकोच, २ ते ४ वर्षांना जास्तीत जास्त एक तास आणि कमी असेल तर बरंच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचंही साधारण तेच, दोन वर्षांखाली नाही, पाचपर्यंत तासभर आणि तेही कोणीतरी सोबत बसून, ५ ते १० वर्षं दोन तासांच्या आत. हे आकडे फक्त डोळ्यांसाठी नाहीत, झोप, बोलणं, खेळणं सगळं धरून आहेत. बाळाला गावाकडच्या आजीशी व्हिडिओ कॉल करून दिला तर त्याचा हिशोब कोणी करत बसू नये.

दीड वर्षाचं बाळ आहे, मोबाईलशिवाय घासच घेत नाही. डोळ्यांना काही होईल का?

लगेच उद्या नंबर लागेल असं नाही. पण या वयात मोबाईल अगदी तोंडासमोर असतो, बाळाचे हातच आखूड, ते लांब धरणार कसं. मुळात हा डोळ्यांपेक्षा जेवणाचा प्रश्न आहे आणि त्यावर मी काय सांगणार, मीच माझ्या लेकीला गॅलरीत उभं राहून "तो बघ काऊ, ती बघ म्हशी चालल्या" करत तासभर भरवलंय. हात दुखतात. पण म्हशी लांब असतात आणि उजेडात असतात हे आता कळतंय.

ब्लू कट काच घेऊ का? दुकानदार म्हणतो मोबाईलपासून संरक्षण होतं.

जास्तीचे पैसे खर्च करायचे असतील तर घ्या, त्याने नुकसान नाही. पण फायदा? ब्लू कट म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच. २०२३ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, या काचांवरच्या १७ चाचण्या तपासल्या, डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही त्यांना दिसलं नाही. निळा प्रकाश मोबाईलपेक्षा आकाशातून कित्येक पटींनी जास्त येतो आणि तिथे तर आपण पोरांना पाठवा म्हणतोय. नंबर वाढायचा थांबतो याला तर काहीच आधार नाही. मला चीड याची येते की नंबर नसलेल्या पोरांनाही झिरो नंबरचा ब्लू कट चष्मा विकला जातो आणि घरचे निर्धास्त होतात, आता चष्मा आहे ना, बघू दे मग दोन तास.

रात्री झोपायच्या आधी मोबाईल नको हे मात्र खरं, पण ते काचेने सुटत नाही, मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून सुटतं.

सारखे डोळे मिचकावतो, चोळतो, लाल होतात. मोबाईलमुळे?

असू शकतं. आपण एरवी मिनिटाला १५-२० वेळा पापणी मिटतो, स्क्रीन बघताना ते पाच-सातवर येतं. पापणी मिटली नाही की डोळ्यावरचं पाणी सुकतं, मग खुपतं, जळजळतं. वर पंखा किंवा एसी थेट तोंडावर असेल तर विचारूच नका.

पण आपल्या कोरड्या, धुळीच्या भागात मुलांना डोळ्यांची ॲलर्जी फार असते, उन्हाळा लागला की खाज, चिकट तारेसारखा पांढरा चिपाड, आणि पोरगं तळहाताने कराकरा चोळतं. सारखं जोरात चोळून बुबुळाचा आकार बिघडतो, सिलिंडर नंबर वाढतो, काहींना केराटोकोनस होतो, म्हणजे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं, तेव्हा हे हसण्यावारी नेऊ नका. थंड पाण्याची पट्टी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून मनाने ड्रॉप आणू नका, त्यातल्या बऱ्याच ड्रॉपमध्ये स्टेरॉईड असतं, दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो म्हणून मग दर वेळी तोच आणला जातो आणि महिनोन् महिने चालू राहिला तर डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदू होतो. लहान मुलांना. मी स्वतः बघितलेत असे.

नुसतं मिचकावणं ही कधीकधी सवयही असते किंवा नंबर असल्याचं लक्षण असतं, म्हणून ओरडायच्या आधी तपासून घ्या.

२०-२०-२० काय आहे?

दर २० मिनिटांनी, २० फूट लांब, २० सेकंद बघायचं. ही लक्षात राहावी म्हणून केलेली आठवण आहे, थकवा कमी वाटतो. याने नंबर थांबतो असं समजू नका. आणि दहा वर्षांचं पोर गेमच्या मध्यात आपणहून लांब बघेल ही आशा सोडा, हाक मारून काहीतरी आणायला पाठवा. मीठ संपलंय म्हणा.

अंधारात बघितलं तर डोळे जातात का? डार्क मोड लावू का?

डोळे जात नाहीत. पण अंधारात मोबाईल जास्त जवळ घेतला जातो आणि पांघरुणात तर घेतलाच जातो, वांधा तिथे आहे. खोलीत दिवा लावा, स्क्रीनचा ब्राईटनेस खोलीच्या उजेडाइतका ठेवा. डार्क मोडचं काय, आवडत असेल तर लावा.

चष्मा कायम लावला तर नंबर वाढतो म्हणतात. थोडा कमी नंबरचा द्या ना.

नाही देणार. मलेशियात हा प्रयोग करून झालाय, २००२ मध्ये आलं होतं ते, मुद्दाम कमी नंबरचे चष्मे दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला. नंबर वाढतो कारण वय वाढतंय, उंची वाढतेय, डोळा लांब होतोय. नवा बूट घेतला म्हणून पाय वाढला असं आपण म्हणतो का? चष्म्याचं तेच.

लहान मुलांत तर चष्मा न लावणं महागात पडतं. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल आणि चष्मा नसेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, त्याला आळशी डोळा म्हणतात, आणि सात-आठ वर्षांच्या पुढे तो सुधारणं अवघड होत जातं. यात मोबाईलचा काही दोष नसतो बरं का, आणि पोर तक्रारही करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचं सगळं चाललेलं असतं.

शाळेत तपासणी झाली, नॉर्मल सांगितलं. तरी दाखवू का?

शाळेतली तपासणी चांगलीच आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत पथकं येतात, त्यातून कितीतरी पोरं सापडतात, सरकारी योजनेतून चष्माही फुकट मिळतो. पण ती चाळणी आहे, पूर्ण तपासणी नाही. एका शिबिरात मी फळ्याजवळ तक्ता लावून बसले होते, रांगेतला सातवा मुलगा दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ खडखडा म्हणाला, मला जरा शंका आली म्हणून तक्ता उलटा लावला, तर त्याने तीच ओळ परत तशीच म्हटली. पुढच्या सहा जणांची ऐकून पाठ झाली होती! आणि तळहाताने डोळा झाकायला सांगितला की बोटांच्या फटीतून बघणारे तर प्रत्येक रांगेत दोन-तीन असतातच.

माझं म्हणणं, तीन-साडेतीन वर्षांचं झाल्यावर एकदा आणि पहिलीत जाताना एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवा, काही तक्रार नसली तरी. घरात चष्मे असतील तर दरवर्षी.

ड्रॉप टाकून कशाला तपासता? दोन दिवस धूसर दिसतं, शाळा बुडते.

कारण मुलांच्या डोळ्यातलं भिंग फार ताकदीचं असतं. मशीनमध्ये बघताना ते आपोआप जोर लावतं आणि नसलेला मायनस नंबर दाखवतं. मोबाईल खूप बघणाऱ्यांत तर कधी ते भिंग आखडूनच बसतं. ड्रॉपने ते सैल पडतं आणि खरा नंबर कळतो. मशीनवर दीड मायनस आलेली पोरं ड्रॉपनंतर पाव नंबरची निघालेली मी पाहिलीत, त्यांना चष्म्याची गरजच नव्हती. म्हणून पहिला चष्मा ड्रॉपशिवाय करू नका, दुकानात उभ्याउभ्या मशीनवर तर नाहीच.

अगदी लहानांना त्याच कामासाठी घरी तीन दिवस ॲट्रोपिन या औषधाचं मलम लावायला सांगतात, त्याने आठवडा-दहा दिवस धूसर राहतं. लावल्यावर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर मिनिटभर बोट दाबून धरा आणि बाहेर आलेलं पुसून टाका. चेहरा लाल झाला, अंग तापलं तर थांबवा आणि फोन करा. आणि ती ट्यूब उंचावर ठेवा, पोटात गेली तर धोका आहे.

नंबर वाढू नये म्हणून काही औषध आलंय का?

आलंय. तेच ॲट्रोपिन, पण फार पातळ, रोज रात्री एक थेंब. सिंगापूरमध्ये यावर बरंच काम झालं, मग हाँगकाँगच्या २०१९ च्या चाचणीत ०.०५ टक्क्याच्या ड्रॉपने पहिल्या वर्षात नंबर वाढण्याचा वेग साधारण दोन तृतीयांशाने कमी झाला, ०.०१ ने बराच कमी परिणाम दिला, आणि अमेरिकेत २०२३ मध्ये आलेल्या चाचणीत ०.०१ चा काहीच फायदा दिसला नाही. म्हणजे शेजारच्याला कोणता दिलाय ते बघून आणू नका, कोणाला, किती टक्क्याचा, किती वर्षं हे डॉक्टरच ठरवतात.

चष्म्याच्या काचाही आल्यात, मधोमध साधा नंबर आणि भोवती शेकडो बारीक भिंगं, हाँगकाँगच्या दोन वर्षांच्या चाचणीत वेग निम्म्याच्या आसपास आला. महाग आहेत, साध्या चष्म्याच्या कितीतरी पट. आणि दिवसभर लावल्या तरच उपयोग, दप्तरात ठेवल्या तर नाही. रात्री घालून झोपायच्या लेन्स असतात, दिवसा घालायच्या खास लेन्सही आहेत, पण त्यात स्वच्छता फार लागते, नाहीतर बुबुळाला जंतुसंसर्ग होतो.

नंबर वर्षाला अर्ध्याहून जास्त वाढत असेल, पोरगं दहाच्या आतलं असेल तर हे विचारा. सातव्या वर्षी लागलेला चष्मा पंधराव्या वर्षी लागलेल्यापेक्षा काळजीचा, कारण त्याला वाढायला वर्षं जास्त मिळतात. मायनस सहाच्या पुढे गेलं की पुढच्या आयुष्यात पडदा सरकणं, काचबिंदू असल्या गोष्टींचा धोका वाढतो.

आणि लेसर?

अठरानंतर, नंबर एक-दोन वर्षं स्थिर राहिला की. चष्मा जातो, पण लांब झालेला डोळा आतून लांबच राहतो, त्यामुळे पडद्याची तपासणी चालू ठेवावी लागते. सहावीतल्या पोराला आत्ता विचारून उपयोग नाही.

गाजर, शेवग्याची भाजी, त्राटक, गुलाबपाणी?

गाजर आणि शेवगा जरूर द्या. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, म्हणूनच तर नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सरकारी डोस देतात, तो चुकवू नका. पण लांब झालेला डोळा गाजराने आखूड होत नाही. त्राटकाने मन शांत होत असेल, नंबर उतरत नाही. गुलाबपाणी, मध, तूप, काजळ यातलं काही डोळ्यात घालू नका. काजळाच्या डबीत सगळ्या घराची बोटं गेलेली असतात.

शाळाच गृहपाठ व्हॉट्सॲपवर पाठवते, मग आम्ही काय करणार?

खरंय, यात तुमचा दोष नाही. कोविडच्या वेळी हे सुरू झालं आणि तसंच राहिलं. चीनच्या शानडाँगमध्ये २०२० साली घरी बसल्यानंतर सहा वर्षांच्या मुलांची तपासणी केली तर २१.५ टक्क्यांना मायोपिया निघाला, त्याआधीच्या पाच वर्षांत तो कधी ५.७ च्या वर गेला नव्हता. एवढंच करा की गृहपाठ मोबाईलवरून आधी वहीत किंवा कागदावर आईबाबांनी उतरवून द्या, पोराला मोबाईल हातात न देता. पालकसभेत हा विषय काढा, एकट्याने नाही, चार जणांनी मिळून काढा म्हणजे ऐकतात.

लगेच डॉक्टरकडे कधी धावायचं?

फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसली तर त्याच दिवशी. ती कॅमेऱ्याची चूक असू शकते, पण डोळ्यातल्या कॅन्सरचं लक्षणही असू शकतं. अचानक डोळा तिरळा झाला किंवा एकाचे दोन दिसायला लागले तरीही थांबू नका. तासन् तास मोबाईल बघणाऱ्या मुलांत असा आत वळलेला तिरळेपणा आढळलाय, काहींचा मोबाईल कमी केल्यावर बराच सुधारतो, पण दुसरी गंभीर कारणंही असतात म्हणून आधी तपासणी. जास्त नंबरवाल्या मुलाने डोळ्यासमोर चमकतंय, काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखं वाटतंय म्हटलं तर डोळ्याच्या आतला पडदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. डोकेदुखीबरोबर उलट्या असतील तर ती चष्म्याची डोकेदुखी समजून घरी बसू नका.

मुलगी आहे हो, चष्मा लागला तर पुढे लग्नाला…

मुलगी सात वर्षांची होती. पुढचा प्रश्न.

चष्मा दर महिन्याला तोडतो, काय करू?

प्लास्टिकची फ्रेम घ्या, धातूची नको, काच पॉलिकार्बोनेटची म्हणजे फुटून डोळ्यात जायची भीती नाही, आणि मागून इलॅस्टिकचा पट्टा. दोन्ही हातांनी काढायला शिकवा, एका हाताने ओढला की काडी फाकते. शाळेच्या शर्टाला पुसला की ओरखडे पडतात, नळाखाली साबणाचा एक थेंब लावून धुवायचा आणि मऊ सुती कापडाने टिपायचा. जुना चष्मा टाकू नका, नवा दुरुस्तीला गेला की दोन दिवस तो चालतो.

आणि "हरवला" म्हणून नवीन करायला यायच्या आधी डब्याच्या पिशवीत एकदा बघा. माझ्याकडचे निम्मे हरवलेले चष्मे तिथेच सापडलेत, बहुतेक भाजीच्या डब्याखाली.